पथ्य नसलेली माणसं

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायचा नाही. मी शिकलेला नाही. बारावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा नापास होऊन उठलो. मग मिरजेत एका सायबर कॅफेत मशिनी पुसायला लागलो. पुसता पुसता त्या उघडायला शिकलो, उघडता उघडता बिघडवायला, आणि बिघडलेलं मालक यायच्या आत नीट करायला. माझं कॉम्प्युटरचं शिक्षण ते एवढंच. पुढे पुण्यात एका कंपनीत शिरलो, तिथे पंधरा वर्षं पाट्या टाकल्या, आणि ज्या जर्मन कंपनीचं काम आम्ही पुण्यात बसून करायचो, तिनेच मला इकडे बोलावून घेतलं. डिग्री नसली तरी अनुभवाचे कागद दाखवून येता येतं असा एक नियम इथे आहे. त्या नियमाच्या फटीतून मी अंग चोरून आत आलो.

आता ब्राउनश्वाइगला असतो. कंपनीत अकरा माणसं आणि एक कॉफीचं मशीन. मान मशीनला जास्त. आम्ही जेवणाचे डबे पोचवणाऱ्या स्वयंपाकघरांसाठी सॉफ्टवेअर करतो. इथे एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांच्या दारात रोज दुपारी गरम जेवण येतं. कुणाला शुगर असते, कुणाला मीठ कमी लागतं, कुणाला सगळं मिक्सरमधून काढून द्यावं लागतं. कोणाला काय, कुठल्या मजल्यावर, किल्ली कुणाकडे, याची यादी सकाळी स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर येते. तिच्यावरून डब्यांवर चिठ्ठ्या लागतात आणि ड्रायव्हर निघतात. ती यादीची स्क्रीन मी केलेली.

हे सगळं झालं तेव्हा माझ्या प्रोबेत्साइटचे शेवटचे दोन आठवडे उरले होते. प्रोबेत्साइट म्हणजे नोकरी पक्की व्हायच्या आधीचे सहा महिने. त्या काळात कंपनी काही कारण न सांगता तुम्हाला घरी पाठवू शकते. माझं घर मिरजेत, आणि व्हिसा या नोकरीला बांधलेला. बायको आणि चार वर्षांची मुलगी दोनच महिन्यांपूर्वी आल्या होत्या. मुलीला किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जिथे वर्ष वर्ष नंबर लागत नाही, चक्क जागा मिळाली होती. ही बातमी मी इथल्या एका मराठी घरी सांगितली, तर तिथल्या काकूंनी मला आत नेऊन पुन्हा एकदा खरं काय ते विचारलं. तर नोकरी गेली की सगळं गेलं, असा हिशेब होता, आणि माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. खुर्चीत बसलो की डावा पाय आपोआप हलायचा. समोर बसणारा माणूस एक दिवस पाना घेऊन आला आणि टेबलाचे स्क्रू आवळायला लागला. टेबल डगमगतंय असं वाटलं त्याला. मीही वाकून त्याला मदत केली.

आमच्याकडे डेटाबेस सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. रिटायर व्हायला त्यांना दोन वर्षं आहेत. कंपनीत सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात, साहेबालासुद्धा. पण माझ्या आईच्या बरोबरीच्या बाईला 'तू' म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणून पाच महिने मी त्यांच्याशी 'कॉफी चालेल?', 'मीटिंग आहे ना?' एवढीच वाक्यं बोलत होतो. त्यांचा समज असा झाला की मी फार कमी बोलणारा, विचारी माणूस आहे. माझ्याबद्दल एवढं चांगलं मत आजवर कुणाचंच नव्हतं, त्यामुळे मी ते तसंच राहू दिलं.

त्या बाईंनी एका बुधवारी मला बोलावलं आणि कागदांचा एक गठ्ठा समोर ठेवला. एकाखाली एक तीच ओळ, फक्त शेवटचा आकडा वेगळा. पान उलटलं, तेच. पुढचं, तेच. मी म्हणालो, प्रिंटर अडकला वाटतं.

"प्रिंटर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हे तुझं काम आहे."

आता इथे थोडं समजावून सांगावं लागेल, आणि ते मी सांगणार म्हणजे बघा. डेटाबेसमध्ये माणूस अख्खा नसतो. एका तक्त्यात त्याचं नाव, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात पथ्यं, चौथ्यात किल्ली. सगळे तुकडे वेगवेगळ्या कप्प्यांत. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र अख्खा म्हातारा उभा असतो, पत्ता-पथ्य-किल्लीसकट. त्याला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. पण तो दिसतो तेवढा भरलेला नसतो. त्याला विचारलं, आजोबा, तुमचं पथ्य काय, की ते मागच्या दाराने पळत डेटाबेसकडे जातात, विचारून येतात, आणि चेहरा असा ठेवतात की उत्तर खिशातच होतं. ही पळापळ आपल्याला दिसत नाही. ती करून देणारी एक तयार लायब्ररी असते. डेटाबेसची भाषा एसक्यूएल. ती भाषा लायब्ररीला येते, त्यामुळे आपल्याला आली नाही तरी चालतं.

मला येत नव्हती. आमच्या घरी जर्मनचंही तसंच आहे. बायको पुण्यातून व्यवस्थित शिकून आली. ऑफिसात गेलो की ती बोलते, मी मान हलवतो आणि दाखवतील तिथे सही करतो. प्रोग्रॅममध्ये पंधरा वर्षं मी असाच मान हलवत होतो.

बाईंनी पेन्सिलीने दाखवलं. सकाळी यादी उघडली की माझा प्रोग्रॅम आधी विचारतो, आज जेवणार कोण? अडीचशे माणसं येतात. मग त्यातल्या पहिल्याचं पथ्य काय? त्याचा पत्ता काय? किल्ली कुठे? मग दुसऱ्याचं पथ्य काय? असे साडेसातशे हेलपाटे. म्हणून ती यादी उघडायला इतका वेळ लागायचा, की स्वयंपाकघरातल्या मुख्य बाई तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप धुऊन ठेवायच्या.

मी म्हणालो की मी एकही प्रश्न विचारलेला नाही, मी फक्त 'प्रत्येक माणसाचं पथ्य दाखव' असं लिहिलं होतं.

"तू नाही विचारलेस. तुझ्या नावाने विचारले गेले, आणि तुला पत्ता नाही. ते जास्त वाईट." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तर मग, सगळे तक्ते एकमेकांना जोड आणि एकदाच विचार. लायब्ररीला मधे घेऊ नकोस, स्वतः लिही. एसक्यूएल येतं ना तुला?"

"गेनाऊ," मी म्हणालो.

गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. मला जर्मनमधले जे मोजके शब्द येतात त्यात हा सगळ्यात कामाचा, कारण तो म्हटला की समोरचा माणूस खूश होऊन निघून जातो. बाईसुद्धा गेल्या. शुक्रवारपासून दोन आठवडे त्या उरलाउबवर, सुट्टीवर होत्या. नवी यादी सोमवारी चालू करायची होती. आणि गुरुवारी साहेबाबरोबर माझी बैठक होती, राहायचं की जायचं त्याची.

शुक्रवारपर्यंत मी काय केलं ते कुणाला सांगू नका. इंटरनेटवरून एक तुकडा उचलला, दुसरीकडून दुसरा उचलला आणि जोडून चालवला. यादी झटकन आली. फक्त एका आजोबांचं नाव चार वेळा आलं होतं. त्यांना चार पथ्यं होती, म्हणून चार ओळी. तसंच गेलं असतं तर त्यांच्या दारात एका दुपारी चार डबे गेले असते, एक बिनमिठाचा, एक बिनसाखरेचा, एक मऊ आणि एक बिनशेंगदाण्याचा. इंटरनेटवर त्यालाही औषध सापडलं. मी ते लावलं. आजोबा एकदाच आले. मी स्वतःवर इतका खूश झालो की कॉफीच्या मशीनला थँक्यू म्हणालो.

आता तुम्ही विचाराल, की हे आजोबा कोण. ते माझे काका. खऱ्या माणसांची माहिती आमच्या मशीनवर आणायला इथे सक्त मनाई आहे, त्यामुळे तपासायला प्रत्येकाने आपली खोटी माणसं बनवायची. मी चाळीस म्हातारे बनवले होते, आणि बनवणार कुठून, आमच्याच नात्यातून. मोठी आत्या, शुगर. काका, वर सांगितलंच. मावशीला वांगं चालत नाही, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण बंद. ते जर्मन यादीत कुठे बसवायचं कळेना म्हणून 'इतर'मध्ये टाकलं. सासऱ्यांना हरभऱ्याची डाळ बंद, कारण मी लिहिणार नाही. चाळीसच्या चाळीस जणांना काही ना काही होतं. यात मला काही विचित्र वाटलं नाही. पथ्य नसलेला म्हातारा मी आयुष्यात पाहिलाच नव्हता. आमच्याकडे साठी उलटली की पथ्य मानाने येतं. एखाद्या लग्नात 'मला सगळं चालतं' म्हणणारा म्हातारा दिसला तर लोक त्याच्या मुलाला बाजूला घेऊन विचारतील, सगळं ठीक आहे ना.

सोमवारी यादी चालू झाली. स्वयंपाकघरातल्या मुख्य बाईंनी बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत सगळी नावं समोर. त्यांनी साहेबाला लिहून कळवलं. साहेब माझ्या टेबलाशी आला, अंगठा दाखवला, गेला. जर्मन साहेबाने अंगठा दाखवला म्हणजे आपल्याकडचा सत्कार, नारळासकट. घरी बायकोने शिरा केला. मुलीने तिच्या किटाच्या जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, मी म्हणालो गेनाऊ.

"अहो, ती विचारतीये, बाबा पडला होता का," बायको म्हणाली. "तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ तरी माहितीये का?"

पण मला काही स्वस्थ बसवेना. चांगलं झालं होतं आणि तरी मी ताट धुवायला उठलो, मग पुन्हा बसलो, मग बाल्कनीत गेलो. माझ्या हातून पहिल्या फटक्यात काही चांगलं झालंय असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्याचाच त्रास होत असेल असं मी धरून चाललो.

मंगळवारी साडेबाराला मुख्य बाईंचा फोन आला. आवाज खुशीतला. यादीबद्दल पुन्हा आभार मानले, मग सहज म्हणाल्या, ड्रायव्हर लोकांचं मात्र काहीतरी बिनसलंय. जेवण किती शिजवायचं तो आकडा दुसऱ्या स्क्रीनवरून येतो. त्यावरून शिजवलं तर काल सहा जेवणं उरली, आज परत सहा. पाच घरांतून दोन्ही दिवस फोन आले, जेवण आलं नाही म्हणून, तेव्हा मागाहून पाठवली. सहापैकी चौघं एकाच ड्रायव्हरच्या वाटेवरची. तो सांगतो, माझ्या यादीत ही नावं नव्हतीच. त्याला त्यांनी सगळ्यांसमोर चांगलं झापलं होतं. कॉम्प्युटरची यादी कशी चुकेल, असं विचारलं होतं.

मी विचारलं, आणि सहावं घर?

तिथून फोन नाही आला, त्या म्हणाल्या. गावाला गेल्या असतील.

मी त्यांना म्हणालो, त्या सहा जणांची माहिती उघडा, आणि पथ्याच्या रकान्यात काय आहे ते वाचून दाखवा. पहिलं उघडलं. रिकामं. दुसरं. रिकामं. तिसरं उघडताना त्यांचा आवाज हळू झाला. सहाच्या सहा रिकामे होते.

मग माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. मी माणसांचा तक्ता पथ्यांच्या तक्त्याला असा जोडला होता की दोन्हीकडे जोडी सापडली तरच माणूस यादीत यायचा. ज्याला मीठ चालत नाही तो आला. ज्याला साखर चालत नाही तोही आला. ज्याची काहीच तक्रार नव्हती, त्याची जोडी सापडली नाही, आणि तो गेला. आणि माझ्या चाळीस नातेवाइकांत असा एकही नव्हता.

फोन ठेवल्यावर मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. खरं सांगतो, पहिला विचार त्या सहाव्या बाईंचा आला नाही. पहिला आला तो गुरुवारचा. दुसरा विचार त्याहून हलकट होता. त्या सहा जणांच्या रिकाम्या रकान्यात मुख्य बाईंकडून 'काही नाही' असं पथ्य भरून घ्यायचं. रकाना भरला की जोडी सापडेल, उद्या नावं येतील आणि कुणाला काही कळणार नाही. ड्रायव्हर तर बोलणी खाऊन बसलाच होता. मी फोन उचललासुद्धा. मग मला कळेना की नवीन माणूस आला, ज्याला काहीच नाही, तर त्याचं काय. त्याला कोण 'काही नाही' लावणार. दुरुस्त कसं करायचं ते मला येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायचं कुणाला तेही कळत नव्हतं. एरवी अशा वेळी मला काहीतरी विनोद सुचतो. आयुष्यभर त्याच्यावरच निभावलंय. त्या दिवशी सुचला नाही.

उरलाउबवरच्या माणसाला इथे फोन करत नाहीत. बाईंचा नंबर भिंतीवर लावलेला होता, पण तो आग लागली तर. मी लावला. त्या त्यांच्या बागेत होत्या. मागे पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता. मी काय झालं ते सांगितलं आणि मग एका दमात म्हणालो, "मला एसक्यूएल येत नाही. कधीच येत नव्हतं. मी खोटं बोललो."

पाण्याचा आवाज बंद झाला.

"सहाव्या घरी आज जेवण गेलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माहीत नाही. मुख्य बाई म्हणतात, गावाला गेल्या असतील.

"मग तू माझ्याशी काय बोलतोयस? आधी डबा. यादी कुठे पळून जात नाही."

मी जॅकेट उचललं आणि ट्रामने स्वयंपाकघरात गेलो. ट्राम प्रत्येक स्टॉपवर थांबत होती. रोजच थांबते, पण त्या दिवशी मला तो अपमान वाटत होता. मुख्य बाईंना मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की यादी चुकली होती, ड्रायव्हर खरं बोलत होता. त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग मागच्या अंगणात गेल्या आणि फेरी संपवून आलेल्या त्या ड्रायव्हरला घेऊन आल्या. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याच्यासमोर मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "दोन दिवस मी खोटारडा होतो," तो म्हणाला. "आता तू हो." आणि गरम डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, "चल, गाडीत बस."

मी डबा मांडीवर धरून बसलो होतो. खालून मांडी भाजत होती, पण डबा खाली ठेवायचं धाडस झालं नाही. डोक्यात नाही नाही ते येत होतं. एकटी बाई, वय झालेलं, दोन दिवस फोन नाही. पडली असेल तर. दार उघडलंच नाही तर. मी मनात 'गावाला गेली असू दे' म्हणत होतो. तिच्यासाठी म्हणत होतो की माझ्यासाठी, ते अजून नीट सांगता येत नाही.

तिसरा मजला. ड्रायव्हरने बेल वाजवली. काही नाही. परत वाजवली. आत काही हललं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. किल्ली कुणाकडे आहे ते त्याच यादीत असतं, आणि यादीतून मीच त्यांना काढलेलं. तो तिसऱ्यांदा बेलकडे हात नेतोय तेवढ्यात आतून सपातांचा आवाज आला, अगदी सावकाश.

लहानशा चणीच्या बाई, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. ड्रायव्हरला पाहून म्हणाल्या, "आलात. मला वाटलं, माझं बंद झालं."

दोन दिवस त्या पाव आणि चीज खात होत्या. फोन का नाही केला, असं ड्रायव्हरने विचारलं, तर म्हणाल्या, तिथे लोकांना कामं असतात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हा नवीन का.

"हा नवीन नाही," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हाला यादीतून काढणारा हाच."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "का? मी काय केलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "म्हणूनच."

हे मला जर्मनमध्ये समजावून सांगताच येईना. मी हातांनी दोन तक्ते करून दाखवले, एका हातात माणूस, दुसऱ्या हातात मीठ. ड्रायव्हर भिंतीला टेकून बघत होता, मदत अजिबात करत नव्हता. शेवटी त्यांना एवढं कळलं, की ज्यांना काहीतरी चालत नाही त्यांनाच जेवण गेलं.

"मला सगळं चालतं," त्या म्हणाल्या, चूक कबूल केल्यासारख्या. मग म्हणाल्या, "पाहिजे तर लिहा, बीट नको. मला बीट कधीच आवडलं नाही. पण मी खाते. त्याने काम होणार असेल तर लिहा."

मी म्हणालो, तुम्ही काही बदलायचं नाही, जे बदलायचं ते मी बदलतो. डबा आत टेबलावर ठेवला. झाकण काढून दिलं. बटाटे, लाल कोबी आणि खिम्याचा एक गोल वडा. त्या बसल्या आणि आम्ही निघेपर्यंत त्यांनी काटा उचलला नाही. पाहुण्यांसमोर जेवायचं नाही, असं असावं. आम्ही निघालो.

त्या दुपारी बागेतल्या बाईंनी मला फोनवर धरून ठेवलं. दुरुस्ती एका शब्दाची निघाली. माणसं डावीकडे ठेव, त्या म्हणाल्या, आणि डावीकडचं सगळं येऊ दे, उजवीकडे त्यांचं काही सापडो न सापडो. त्या जोडणीला लेफ्ट जॉईन म्हणतात. तो शब्द मी स्वतःच्या हाताने टाइप केला. त्याआधी त्यांनी मला एक नवीन खोटा म्हातारा बनवायला लावला होता, ज्याला काहीही नाही. त्याला कुठल्या नातेवाइकाचा चेहरा द्यावा ते मला सुचलं नाही. तो आला, यादीत एकटाच कोरा.

मग बाईंनी सांगितलं की साहेबाला मी स्वतः जाऊन सांगायचं आहे, उद्या नाही, आत्ता.

साहेबाने सगळं ऐकलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. आपल्याकडचा साहेब ओरडतो, चहा मागवतो, विषय संपतो. हा शांतपणे लिहीत होता. वर पाहून म्हणाला, गुरुवारी बोलू.

घरी मी बायकोला सांगितलं. सगळं, एसक्यूएल येत नाही हेसुद्धा. पंधरा वर्षांत ते तिलाही सांगितलं नव्हतं. ती पोळी लाटत होती, लाटतच राहिली. मला वाटलं ती किटाच्या जागेचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "अहो, मग एवढी वर्षं तुम्ही तिथे करत काय होतात?" मी म्हणालो, मान हलवत होतो. तिला हसू आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, त्या बाईंना दोन दिवस कुणी विचारलंच नाही, नाही का. आणि पुढची पोळी घेतली. बुधवारभर आम्ही दोघं एकमेकांशी फक्त मुलीबद्दल बोललो.

गुरुवारी दहाला मी साहेबाच्या खोलीत गेलो, तर डेटाबेसवाल्या बाई तिथे बसलेल्या. सुट्टीत. नखांत माती होती. साहेब म्हणाला, चूक कुणाचीही होते, पण येतं असं सांगून केलेलं काम वेगळं. त्यासाठी तो मला सोडणार होता, हे त्याने सरळ सांगितलं. पत्र तयार होतं, टेबलावर पालथं ठेवलेलं. मग त्याने बाईंकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, तुझ्याकडे एसक्यूएल येणारी माणसं आहेत, त्यांना मी दोन वर्षांत काय शिकवणार, त्यांना सगळं येतंच. याला येत नाही तेव्हा हा फोन करतो. माझ्यानंतर हे डेटाबेसचं गोदाम कुणीतरी सांभाळायचं आहे. मग माझ्याकडे वळल्या. अट एकच. सहा महिने लायब्ररी बंद. प्रत्येक प्रश्न हाताने, कागदावर, आणि चालवायच्या आधी त्यांना दाखवायचा. "जमेल का?"

गेनाऊ तोंडावर आलं होतं. मी गिळलं. म्हणालो, "माहीत नाही. शिकवलंत तर जमेल."

साहेबाने ते पालथं पत्र उचललं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. फाडलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. पण राहिलो. बायकोला फोन केला, ती 'बरं' म्हणाली आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

बाई सुट्टीवरून आल्या त्या सोमवारी मी माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशी नेली. त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल दिली. पहिला प्रश्न सोपा होता, आज जेवणार कोण कोण. मी अर्धा तास घेतला. कुणी म्हणता कुणी सुटता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. डावीकडचे सगळे घेतले, उजवीकडचं असो नसो, कुठेही चाळणी म्हणून लावली नाही. बाईंनी वाचलं, स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिलं आणि पेन्सिलीने दोन नावांसमोर टिंबं केली.

"या दोघी मार्चमध्ये वारल्या," त्या म्हणाल्या. "यांना जेवण नको. परत लिही."